जुन्या बोलेरोचं ब्रेक पेडल मऊ झालंय, मास्टर सिलेंडर बदलायचा का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. 2004 ची बोलेरो, दोन महिन्यांपासून ब्रेकचं पेडल मऊ लागतंय, पहिल्या दाबाला अर्ध्याच्या खाली जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. एका गॅरेजवाल्याने एअर (ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा) काढून दिली, दुसऱ्याने पुढचे पॅड नवीन टाकले, दोन-चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. मागच्या आठवड्यात संभाजीनगरहून चाळीसगावला येताना कन्नडचा घाट (औट्रम घाट) उतरताना पेडल पार तळाला गेलं, पहिला गिअर आणि हँडब्रेकवर गाडी कशीबशी थांबवली, अर्धा तास उभी ठेवल्यावर ब्रेक परत आला. आता तिसरा मेकॅनिक म्हणतो मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) गेलाय, नवीन टाका. तर टाकायचा का?

माझं उत्तर, आत्ता लगेच नको. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही गाडी आता रस्त्यावर काढू नका, शेतापर्यंतसुद्धा नाही. ब्रेक परत आला म्हणजे बरा झाला असं नसतं, का परत आला ते पुढे सांगतो. मेकॅनिकला घरी बोलवा नाहीतर गाडी टोइंग करून न्या, चारशे-पाचशे रुपये वाचवायला घरातली माणसं गाडीत बसवू नका.

जळगावात इतकी वर्षं गॅरेज चालवतोय, त्यात एक गोष्ट कायम बघतो. मऊ पेडल म्हटलं की लोक सरळ पार्ट बदलायला लागतात, आधी एअर काढ, नाही झालं तर पॅड, नाही झालं तर मास्टर, नाही झालं तर बूस्टर (पायाचा जोर वाढवून देणारा भाग), आणि गिऱ्हाईकाचे पैसे संपतात पण पेडल तसंच राहतं. कारण मऊ पेडल हा एक फॉल्ट नाहीये, चार-पाच वेगवेगळे फॉल्ट पायाला साधारण सारखेच लागतात. पण नीट लक्ष दिलं तर ते सारखे नसतात, पायाला फरक कळतो, आणि तो फरक कळला की निम्मं काम पाना न लावता होतं.

म्हणून आधी गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद, आणि पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधली व्हॅक्युम संपवा. आता हळू दाबा आणि पाय काय सांगतो ते बघा.

पेडल रबरासारखं दबतंय, दाबल्यावर खाली एक घट्ट जागाच सापडत नाही, आणि पटापट पंप केलं की थोडं थोडं वर येत जातं, तर लाइनमध्ये हवा आहे. ऑइल दाबून दबत नाही, हवा दबते, तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत जायच्या ऐवजी ती हवा दाबण्यातच जातो.

पेडल खाली बरंच जातंय पण जिथे थांबतं तिथे दगडासारखं घट्ट आहे, आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वरच घट्ट होतं, तर तिथे हवा नाही, तिथे गॅप आहे. म्हणजे मागच्या चाकात ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे जे शू असतात, ते आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, नाहीतर पॅड डिस्कपासून मागे ढकलले जाताहेत. पहिल्या दाबातलं ऑइल नुसतं ते अंतर भरून काढायला जातं.

तिसरा प्रकार, पेडल चांगलं वर घट्ट लागतं, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू खाली सरकत जातं, सिग्नलला उभं राहिल्यावर हे नीट कळतं. हा मास्टर सिलेंडरचा आजार, आतले रबरी कप ऑइल धरून ठेवत नाहीत, पुढचं ऑइल कपाच्या बाजूने मागे जातं. किंवा मग कुठेतरी बाहेर गळतंय. इथे एक गंमत लक्षात ठेवा, मास्टर खराब असेल तर बऱ्याचदा जोरात दाबल्यावर पेडल टिकतं आणि हलक्या पायाने दाबल्यावर खाली जातं, कारण जोराच्या प्रेशरने कप भिंतीला दाबला जातो. म्हणून दोन्ही प्रकारे दाबून बघा, नुसतं ताकद लावून बघू नका.

आता इंजिन चालू करा. पेडलवर पाय ठेवून स्टार्टर मारला की पेडल एक-दीड बोट खाली जायलाच पाहिजे, ते बूस्टर काम करतोय याचं लक्षण आहे. कितीतरी लोक तेवढ्यावरच घाबरून येतात. आणि बूस्टर किंवा व्हॅक्युम पंप खराब झाला तर पेडल कडक होतं भाऊ, मऊ नाही होत, तेव्हा मऊ पेडलसाठी कोणी बूस्टर बदला म्हटलं तर तिथून गाडी काढा.

तुमच्या वर्णनावरून मला दोन गोष्टी एकत्र दिसताहेत. रोजचं जे पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्याला वर, ते मागच्या शूच्या गॅपचं लक्षण वाटतंय. आणि घाटात जे तळाला गेलं ते ऑइल उकळल्याचं. मास्टर असता तर अर्धा तास थांबून तो बरा झाला नसता.

गॅपची टेस्ट एकदम सोपी आहे आणि तुमच्याकडे कोणीच केलेली दिसत नाही. हँडब्रेक तीन-चार क्लिक ओढा आणि मग पेडल दाबा. हँडब्रेक मागचे शू ड्रमच्या जवळ नेतो, त्यामुळे आता पेडल आधीपेक्षा बरंच वर आणि घट्ट लागलं तर नक्की समजा की मागचे शू ॲडजस्ट नाहीत. हे करायला एक मिनिट लागतं, पैसा लागत नाही. यानंतर मागची दोन्ही चाकं घोडीवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही, ड्रम काढा आणि आत बघा. आपल्याकडे काळी माती, कापसाच्या सीझनला बारीक धूळ, केळीच्या बागेतला चिखल, हे सगळं मागच्या ड्रममध्ये जाऊन ॲडजस्टर (शू ड्रमच्या जवळ ठेवणारा भाग) जाम करतं, लायनर (शूवरचा घासणारा थर) झिजत जातात पण ॲडजस्टर पुढे सरकतच नाही. ॲडजस्टर काढून तारेच्या ब्रशने साफ करा, ब्रेकचं ग्रीस अगदी थोडं लावा, आणि ड्रम परत बसवून तो हाताने फिरवताना किंचित घासल्याचा आवाज येईल इथपर्यंत शू बाहेर काढा. ड्रममध्ये कडेला मोठी खाच पडली असेल तर नुसतं ॲडजस्ट करून भागणार नाही, ड्रम मापा. जास्तीत जास्त किती मापापर्यंत चालेल ते बऱ्याच ड्रमवर कोरलेलं असतं, त्याच्या पुढे गेला असेल तर लेथवर खरवडून उपयोग नाही, नवीनच टाका. आणि ड्रम उघडल्यावर तोंडाने किंवा हवेच्या पाइपने धूळ उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा, गॅरेजमधल्या पोरांनापण तेच सांगा.

काही जण काय करतात, ॲडजस्टरला हात न लावता हँडब्रेकची केबल ताणून देतात, पेडल वर येतं, गिऱ्हाईक खूश. पण त्याने शू कायम ओढलेल्या स्थितीत राहतात, ॲडजस्टर अजूनच काम करत नाही, ड्रम तापतो, आणि तो ताप शेवटी ऑइलला जातो. आधी शू ॲडजस्ट, केबल सगळ्यात शेवटी.

ड्रम उघडलाच आहे तर व्हील सिलेंडरचे (चाकातला, ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा) रबरी बूट बोटाने अलगद उचलून बघा. आत जरा ओलसर असणं वेगळं आणि बूट उचलल्याबरोबर ऑइलचा थेंब खाली ओघळणं वेगळं. ओघळला तर सिलेंडर गेला. लायनर ओले दिसले तर वास घ्या, हबमधून ॲक्सलचं ऑइल येत असेल तर त्याला गिअर ऑइलचा उग्र वास असतो आणि ते चिकट असतं, ब्रेक ऑइल पातळ असतं. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, पण भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत वापरू नका, फेकून द्या.

पुढच्या चाकांचंही एक बघा. चाक उचला आणि वर-खाली धरून हलवा. बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) असेल तर वळणावर डिस्क डुगडुगते आणि पॅड मागे ढकलते, मग पुढचा पहिला दाब रिकामा जातो. खराब रस्त्यावरून आल्यावर पेडल खाली आणि सरळ रस्त्याला बरं, असं होत असेल तर बेअरिंगच बघायचं. आणि तुमचे पॅड नवीन टाकले तेव्हा डिस्क बघितली होती का? जुन्या खाचा पडलेल्या डिस्कवर नवीन सपाट पॅड पूर्ण टेकत नाही, तोही थोडा दबतो, पेडल काही दिवस स्प्रिंगसारखं लागतं.

आता घाटाचं. हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, तो त्याचा गुणधर्मच आहे, डबीचं झाकण उघडं राहिलं तरी शोषतं आणि गाडीत रबरी होजमधूनही (नळ्यांमधूनही) हळूहळू ओढतं. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा ग्रेड, नवीन डॉट 3 ऑइल कमीत कमी 205 डिग्रीला उकळायला पाहिजे असं स्टँडर्ड आहे, डॉट 4 चं 230. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की तेच डॉट 3 ला 140 आणि डॉट 4 ला 155 वर येऊन ठेपतं. तुमच्या गाडीत सात माणसं, टपावर सामान, बाहेर आपल्या मे महिन्याचं 44-45 डिग्री, आणि औट्रम घाटात पुढे ट्रकची रांग, म्हणजे पूर्ण उतार पेडलवर पाय ठेवून. कॅलिपरजवळचं (पुढच्या चाकात पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ऑइल तिथे सहज उकळतं. उकळलं की वाफ होते, वाफ हवेसारखीच दबते, पेडल तळाला. गार झालं की वाफेचं परत पाणी आणि ऑइल होतं, पेडल परत येतं, आणि माणूस म्हणतो काही नाही, ब्रेक ठीक आहे. ठीक नाहीये, पुढच्या उताराला पुन्हा तसंच होणार.

याच्यासारखाच पण वेगळा एक प्रकार आहे, पेडल वर घट्ट असतं पण गाडीच थांबत नाही, जळका वास येतो. ते लायनर-पॅड तापून पकड सोडल्याचं लक्षण, तिथे ऑइलचा दोष नसतो. तुमचं पेडल खाली गेलंय म्हणजे तुमचं ऑइलच.

तर ऑइल पूर्ण बदला. पहिल्या गॅरेजवाल्याने एअर काढली म्हणता, पण एअर काढणं म्हणजे ऑइल बदलणं नाही, दोन-चार दाबांत थोडं ऑइल निघालं आणि वरून टॉप-अप केलं, कॅलिपरमधलं काळं पडलेलं ऑइल तिथेच राहिलं. रिझर्व्हॉयरमध्ये (मास्टरवरच्या ऑइलच्या टाकीत) ऑइल चहासारखं गडद दिसत असेल तर मुहूर्त बघत बसू नका. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आपल्याकडे दहा-दहा वर्षं कोणी हात लावत नाही. झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच घ्या, डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालतं, पण डॉट 5 म्हणून सिलिकॉनवालं येतं ते यात अजिबात मिसळायचं नाही. डबी सीलबंद पाहिजे, दुकानात अर्धी वापरून ठेवलेली नको.

आणि एक तपासा, कोणी टॉप-अप करताना भलतंच ऑइल तर नाही ना ओतलं. पॉवर स्टीअरिंगचं किंवा इंजिनचं थोडं जरी गेलं तरी सगळे रबर फुगतात. झाकणाखालचा रबर फुगून वाकडातिकडा झालेला दिसला तर शंका घ्या. रिझर्व्हॉयरमधलं थोडं ऑइल पाण्याच्या ग्लासात टाका, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, दुसरं ऑइल वर तरंगतं. तरंगलं तर भाऊ खर्च मोठा आहे, मास्टर, सगळे सिलेंडर, कॅलिपरचे सील, होज, सगळं रबर बदलावं लागेल, नुसतं धुऊन जमत नाही.

ऑइल बदलताना आणि एअर काढताना दोन माणसं लागतात. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचं. निपलला (चाकाजवळ हवा काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. आतला माणूस हळू दाबतो, धरून ठेवतो, तुम्ही निपल उघडता, पेडल खाली जातं, तुम्ही निपल बंद करता आणि मगच तो पाय सोडतो. घाई करून धडाधड पंप केलं तर ऑइलमध्ये बारीक बुडबुडे होतात आणि ते निघतच नाहीत. नळीत बघत राहा, आधी काळं ऑइल, मध्येच बुडबुडे, मग हळूहळू स्वच्छ, आणि स्वच्छ झाल्यावरही पाच-सहा वेळा अजून काढा. रिझर्व्हॉयर रिकामा होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात.

जुन्या गाडीसाठी एक गोष्ट हमखास सांगतो, एअर काढताना पेडलच्या खाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे ते तळाला टेकणार नाही. रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन वरच्या भागातच फिरतो, खालच्या भागात वर्षानुवर्षं गंज आणि गाळ बसलेला असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत गेलं की कप त्या गंजावरून घासतात आणि फाटतात. मग चांगला मास्टर आपल्याच हाताने खराब होतो आणि दोन दिवसांनी पेडल सरकायला लागतं.

अजून एक, ज्या गाड्यांना मागच्या ॲक्सलला लोडप्रमाणे ब्रेक देणारा व्हॉल्व्ह आहे, त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते, त्यात गाडी बॉडीला उचलून ॲक्सल खाली लोंबकळत ठेवून एअर काढली तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचं ऑइल अडवतो आणि हवा आतच राहते. चाकं जमिनीवर ठेवूनच काढा, नाहीतर ॲक्सलखाली आधार द्या.

सावद्याकडची एक केळीची पिकअप आली होती, तीन ठिकाणी एअर काढून झाली होती, पेडल मऊच. खाली वाकून बघितलं तर पुढच्या दोन्ही कॅलिपरचे निपल खालच्या बाजूला. कोणीतरी कॅलिपर दुरुस्त करताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता, बसतो तो तसाही. हवा कायम वर राहते आणि निपल खाली, मग हवा निघणार कुठून, शंभर वेळा ब्लीडिंग करा. कॅलिपर अदलाबदल केले, एकदाच एअर काढली, पेडल वरच्या वर. तुमच्याही गाडीला आत्ताच पॅडचं काम झालंय, कॅलिपर सोडले असतील, तेव्हा निपल वर आहे का हे डोळ्याने बघून घ्या.

एवढं सगळं करून पेडल अजून मऊ असेल, तर आता मास्टरची पाळी, पण तीसुद्धा टेस्ट करून. रबरी होज दाबायचे क्लॅम्प मिळतात, गुळगुळीत जबड्याचे, ते पुढच्या दोन आणि मागच्या होजला लावा. साध्या ग्रिप प्लायरने दाबू नका, दातांनी होज आतून फाटतो. सगळे होज बंद असताना पेडल वर आणि दगडासारखं घट्ट लागलं तर मास्टर चांगला आहे, फॉल्ट खाली कुठेतरी आहे, मग एकेक क्लॅम्प सोडत जा, ज्या चाकाचा सोडल्यावर पेडल खाली जाईल ते चाक उघडा. सगळे बंद असूनही पेडल सरकलं तर मास्टर. होज वीस वर्षांचे, तडे गेलेले असतील तर त्यांना क्लॅम्प लावायच्या भानगडीत पडू नका, ते तसेही बदलायचेच आहेत. एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने होजवर हात ठेवायचा, दाबताना होज हाताला फुगलेला कळला तर तोही पेडल मऊ करतो.

ऑइल कमी होतंय पण चाकाजवळ कुठेच ओलं नाही, असं असेल तर मास्टर आणि बूस्टरच्या जोडाखाली बोट फिरवा. मागचा सील गेला की ऑइल बूस्टरमध्ये जमा होतं, बाहेर थेंबही दिसत नाही. तिथे मात्र मास्टर नक्की बदला. नवीन मास्टर गाडीला लावायच्या आधी बाकावर धरून त्यातली हवा काढून घ्यायची, नाहीतर पुन्हा मऊ पेडल आणि मग वाटतं नवीन मास्टरच खराब निघाला. जुन्यात नुसतं रबर किट टाकायचं असेल तर आतली भिंत बॅटरीच्या उजेडात बघा, गंजाचे खड्डे नखाला लागले तर किट टिकणार नाही.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल दाबून एक मिनिट धरा, सरकायला नको. मग मोकळ्या जागेत कमी वेगात आठ-दहा वेळा थांबवून बघा, थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय का. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही निपल कोरडे आहेत का बघा. पेंटवर ब्रेक ऑइल सांडलं असेल तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं. हे सगळं बरोबर निघालं की मगच घाटाचं नाव काढा.

आणि घाटात ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, पेडलवर पाय ठेवून ठेवण्यापेक्षा नीट दाबून वेग कमी करा आणि सोडा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेक गार होतात. उतरताना पेडल नेहमीपेक्षा जरा जरी खाली लागलं तर लगेच खालचा गिअर टाकून मिळेल त्या रुंद जागेत गाडी बाजूला घ्या, चाकाला दगड लावा आणि हात लावता येईल इतकं गार होईपर्यंत थांबा. घाईत तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी ओतू नका, बरेच जण ओततात, ड्रमला तडा जातो आणि डिस्क वाकडी होते.